पेल्यातला कायदा

२३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाट शहरात चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या दोन ड्यूक भावांनी एक फर्मान काढले. बिअर करताना जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही वापरायचे नाही. जो वापरेल त्याची पिंपे जप्त. जर्मन ब्रुअऱ्या आजही बाटलीवर ‘राइनहाइट्सगेबोट’, म्हणजे शुद्धतेचा हुकूम, असे अभिमानाने छापतात ते याच फर्मानाच्या जोरावर. मूळ मजकूर मात्र शुद्धतेपासून नव्हे, भावापासून सुरू होतो. २९ सप्टेंबरच्या मिखाएल संताच्या सणापासून २३ एप्रिलच्या जॉर्ज संताच्या सणापर्यंत एक मास, म्हणजे लिटरहून जराशी जास्त बिअर, फार तर एका फेनिगला विकावी. उरलेल्या उन्हाळ्यात फार तर दोन फेनिगला. हे आधी सांगून झाल्यावर मग जव-हॉप्सचा विषय निघतो.

यामागे राज्यकर्त्यांचा साधा हिशेब होता. गहू आणि राय ही पावाची धान्ये. ती ब्रुअरांनी उचलली तर बेकरीवाल्याला भाव चढवावा लागणार, आणि पाव महागला की शहर बिथरणार. जवाचा पाव कोणाला फारसा आवडत नसे, म्हणून जव बिअरला सोडून दिले. हॉप्सच्या वेलीची कडसर फुले बिअर टिकवतात. त्याआधी लोक वाटेल ती पाने-मुळे घालत, त्यांतली काही विषारीही असत. म्हणजे धान्याचा साठा, बाजारभाव आणि लोकांची प्रकृती, तिन्ही एका हुकुमात आली. यीस्टचा उल्लेख त्यात नाही, कारण साखरेची दारू नेमके कोण करते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ‘शुद्धतेचा हुकूम’ हे नावसुद्धा चारशे वर्षांनी, १९१८ साली बव्हेरियाच्या विधिमंडळात पुढे आले.

बिअरची चव भट्टीत ठरते तितकीच दरबारातही ठरते. जर्मनीचा इतिहास हेच सांगतो आणि आपल्या महाराष्ट्राचाही. फरक आहे तो दोन्हीकडच्या कायद्याने विचारलेल्या प्रश्नात.

उन्हाळ्याची बंदी

पुढची घडामोड समजायला बिअर कशी होते ते थोडक्यात पाहू. जव भिजवायचे, मोड आणायचे, मोड फुटले की वाळवायचे. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना घरोघरी हेच करतात. मोडामुळे दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. असा वाळवलेला जव म्हणजे माल्ट. तो भरडून गरम पाण्यात मुरवला की गोड पाणी सुटते. ते गाळून हॉप्सबरोबर उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. इथे दोन वाटा फुटतात. एक यीस्ट उबेत, पंधरा-वीस अंशांवर झपाट्याने काम करते आणि फेसाबरोबर वर येते; त्याच्या बिअरला फळासारखा, मसाल्यासारखा वास असतो. दुसरे थंडीत, आठ-दहा अंशांवर सावकाश काम करते आणि तळाशी बसते. त्याची बिअर आठवडेच्या आठवडे गारव्यात मुरवली की स्वच्छ आणि हलकी होते. ही दुसरी म्हणजे लागर. आपल्याकडे बिअर म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच.

लागरचे राज्य यायला एक बंदी कारणीभूत झाली. उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास आंबट व्हायची, शिवाय भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. म्हणून १५५३ साली बव्हेरियात हुकूम निघाला: बिअर गाळायची ती फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात. त्यामुळे काम सगळे थंडीत आले. थंडीत उबेचे यीस्ट मार खाते आणि गारव्याचे यीस्ट टिकते. कोणी ठरवले नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्या बव्हेरियाच्या पिंपांत तळाशी बसणारे यीस्टच निवडले गेले.

प्रश्न उरला उन्हाळ्याचा. मार्चमध्ये जरा कडक, जास्त हॉप्सची बिअर करून ती ऑक्टोबरपर्यंत पुरवायची असे ठरले. म्युनिकच्या ब्रुअरांनी इझार नदीकाठच्या उंचवट्यात खोल तळघरे खोदली आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणून त्यांत भरला. वरच्या जमिनीवर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. चेस्टनटची पाने रुंद, सावली दाट, आणि मुळे उथळ असल्याने तळघराच्या कमानीला धक्का नाही. सावली केली होती पिंपांसाठी. तिच्यात माणसे येऊन बसू लागली. तळघरातून थेट पेल्यात येणारी गार बिअर सोडून शहरातल्या खानावळीत कोण जाणार? खानावळवाल्यांनी तक्रार केली. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्स योझेफ याने तोड काढली: ब्रुअरांनी तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही विकू नये. मग लोक शिदोरी बांधून येऊ लागले. मुळा, चीज, पाव घरून आणायचे आणि बिअर तिथे घ्यायची. बव्हेरियाच्या बिअर गार्डनमध्ये हा हक्क आजही शाबूत आहे. १९९५ साली बिअर गार्डन रात्री लवकर बंद करण्याचा निकाल आला, तेव्हा म्युनिकमध्ये सुमारे पंचवीस हजार लोक रस्त्यावर उतरले होते.

बिअरच्या भावाचा प्रश्न तर त्याहून नाजूक. मे १८४४ मध्ये म्युनिकला बिअर महाग झाली आणि लोकांनी पेठेतल्या ब्रुअऱ्यांची मोडतोड केली. राजा पहिल्या लुडविगला भाव उतरवावा लागला. फ्रेडरिक एंगेल्स यांनी याची बातमी इंग्लंडच्या ‘नॉर्दर्न स्टार’ पत्रात लिहिली. याच लुडविगच्या लग्नानिमित्त १८१० च्या ऑक्टोबरात शहराबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती झाल्या होत्या. तीच जत्रा पुढे ऑक्टोबरफेस्ट झाली.

गव्हाची मक्तेदारी

१५१६ च्या हुकुमाने गहू बंद केला खरा, पण हुकूम करणाऱ्यांनीच त्याला खिडकी ठेवली. १५४८ साली देगेनबर्गच्या सरदारांना गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळाला. १६०२ साली त्या घराण्याचा वंश खुंटला आणि हक्क बव्हेरियाच्या ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. त्याने तो सोडला नाही. म्युनिकमध्ये गव्हाच्या बिअरची सरकारी ब्रुअरी उभी राहिली आणि खानावळवाल्यांना तिचा माल घेणे भाग पाडले गेले. पुढे तीस वर्षांच्या युद्धात बव्हेरियाच्या तिजोरीला या मक्तेदारीचा मोठा आधार झाला. सामान्य ब्रुअराने गहू घातला तर गुन्हा. ड्यूकने घातला तर महसूल.

एकोणिसाव्या शतकात लोकांची आवड लागरकडे वळली. गव्हाच्या बिअरचा खप आटला तसा राजघराण्याचा तिच्यातला रसही आटला. १८७२ साली गेओर्ग श्नायडर या ब्रुअराने गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळवला आणि ती जात वाचवली. तिच्यात निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचा असतो, यीस्ट उबेतले असते, रंग गढूळ पिवळा आणि वास पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा. हे केळे किंवा ही लवंग कोणी घालत नाही. तो वास यीस्टच तयार करते.

पिल्सेनचा रंग, म्युनिकचे यंत्र

१८४२ पर्यंतच्या लागर तांबूस-काळपट होत्या, कारण माल्ट लाकडाच्या जाळावर वाळायचा आणि करपायचा. इंग्रज मात्र कोळशाच्या भट्टीत, धूर न लागू देता फिका माल्ट करत. १८३३ साली म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा अँटोन ड्रेहर हे दोघे ते तंत्र पाहायला ब्रिटनला गेले. पाहुणे म्हणून ब्रुअऱ्या हिंडले आणि आतून पोकळ असलेल्या काठीत आंबणाऱ्या बिअरचे नमुने चोरून घेऊन आले. आज याला आपण औद्योगिक हेरगिरी म्हटले असते.

त्या विद्येचे फळ तिसऱ्याच गावाला मिळाले. बोहेमियातल्या पिल्सेनच्या नागरिकांनी १८३८ साली बिघडलेल्या बिअरची पिंपे भर चौकात ओतून दिली, स्वतःची नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या ब्रुअराला बोलावले. बव्हेरियाचे गारव्याचे यीस्ट, इंग्रजी पद्धतीने वाळवलेला फिका माल्ट, बोहेमियातल्याच झाट्सचे सुवासिक हॉप्स आणि पिल्सेनचे अतिशय मृदू पाणी असा चौघांचा मेळ जमला. ५ ऑक्टोबर १८४२ ला भट्टी लागली आणि नोव्हेंबरात लोकांपुढे आली ती सोनेरी, आरपार दिसणारी बिअर. काचेचे पेले तेव्हा स्वस्त होऊ लागले होते, त्यामुळे रंगालाही किंमत आली. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिअर या पिल्सेनच्या लेकी-नाती आहेत.

एक अडचण उरली होती: थंडी. ती म्युनिकच्या तंत्रशाळेतले प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी सोडवली. १८७० च्या दशकात त्यांचे बर्फाचे यंत्र श्पाटन ब्रुअरीत चालू लागले. तळ्यावरचा बर्फ, तळघर, ऋतू यांची गरज संपली. लागर कुठेही, कोणत्याही महिन्यात करता येऊ लागली. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले आणि दर पिंपाची चव सारखी ठेवणे शक्य झाले. तिथले मूळ यीस्ट म्युनिकचेच. १८४५ साली कार्ल्सबर्गच्या याकोबसेननी श्पाटनमधून यीस्टची दोन भांडी मागून घेतली होती आणि घोडागाडीच्या प्रत्येक मुक्कामावर त्यांवर गार पाणी ओतत ती डेन्मार्कला नेली होती.

लागरच्या या लाटेत जुन्या जाती कडेला पडल्या. कोलोनने उबेत आंबवून गारव्यात मुरवलेली फिकी क्योल्श जपली. ती २०० मिलीलिटरच्या नळकांडी पेल्यात देतात, आणि पेल्यावर चकती ठेवेपर्यंत वाढपी दुसरा भरलेला पेला आणतच राहतो. ड्युसेलडोर्फने तांबडी आल्ट जपली. बामबर्गने बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवण्याची जुनी रीत सोडली नाही. तिथली धुरकट बिअर पिताना अंगारावर भाजल्याचा वास येतो. लाइपझिगची गोझे मात्र अडचणीत आली. ती गव्हाची, आंबटसर, आणि तिच्यात धने व मीठ घालतात. १९०६ साली शुद्धतेचा नियम साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. गोझेसारख्या स्थानिक जातींना सवलत होती, पण बाजार उरला नव्हता. १९६६ साली लाइपझिगची शेवटची गोझे ब्रुअरी बंद पडली; वीस वर्षांनी ती बिअर पुन्हा जिवंत करावी लागली. १९८७ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्या देशांत तांदूळ-मका घालून केलेली बिअर जर्मनीने अडवता कामा नये. तरी जर्मन ब्रुअर स्वतः बहुतांशी जुन्याच नियमाने चालतात. त्या नियमाने दर्जा राखला आणि वैविध्यही छाटले, हा दोन्ही बाजूंचा जमाखर्च मान्य करायला हवा.

कामठीच्या छावणीपासून दारूबंदीपर्यंत

आपल्याकडे बिअर आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ ची. तिथला सैनिक प्यायचा ती केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेली इंग्लिश बिअर. पुढे हिमालयाच्या थंडीत कसौलीला एडवर्ड डायर यांनी ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्यांचाच मुलगा. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बिअरची खोकी थेट मध्य प्रांतात उतरू लागली. शतक संपताना जर्मन लागरच्या बाटल्याही मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत येत होत्या. १९१४ च्या महायुद्धाने ती आयात तोडली.

ही सगळी चैन साहेबाची. विदर्भातल्या सामान्य माणसाची दारू मोहाची होती. गोंडांच्या लग्नात, सणात, देवाच्या पूजेत मोहाचा मान होता, आणि इंग्रजांनी आबकारीची, म्हणजे दारूवरच्या कराची, मुळे तिथेच रोवली. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुले जवळ बाळगण्यावरही बंधने आणली. मध्य प्रांताचा स्वतंत्र आबकारी कायदा १९१५ चा. घरची भट्टी गुन्हा ठरली, ठेकेदाराचे दुकान कायदेशीर झाले. ड्यूक मॅक्सिमिलियनने गव्हाच्या बिअरचे जे केले तेच इथे मोहाचे झाले. फरक एवढाच की तिथला पैसा त्याच देशात राहिला.

म्हणून आपल्याकडे दारूविरोध हा नीतीचा तसाच स्वातंत्र्याचा प्रश्न झाला. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर असहकाराच्या चळवळीत नागपुरातही दुकानांवर निरोधन झाले. रंगभूमीने तर निकाल आधीच दिला होता. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये नागपूरजवळच्या सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील सुधाकर एका पेल्यापासून कसा धुळीला मिळतो, हे पाहून मराठी मध्यमवर्गाने दारूबद्दलचे आपले मत कायमचे ठरवून टाकले. त्या मनाला बिअर आणि ठर्रा यांत फरक दिसत नव्हता.

काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यावर मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदी कायदा झाला आणि निवडक भागांत लागू झाला. मुंबईत आरोग्य व आबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून बंदी आणली. आचार्य अत्र्यांचा ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट त्याच वर्षीचा. बंदी हवी म्हणणारेही मराठी समाजाचे आणि त्या बाटलीवर पोट धरून हसणारेही मराठी समाजाचेच.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी हे काम तडीस नेले. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली मंजूर झाला, १९५० पासून राज्यात संपूर्ण बंदी आली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात औषधे आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतच्या तरतुदी रद्द केल्या, पण बंदीचा गाभा उचलून धरला. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हाच कायदा नागपूरलाही लागू झाला. ज्या शहराने आतापर्यंत आबकारी पाहिली होती, ते आता दारूबंदीच्या राज्यात गेले.

परवान्याचे राज्य

कायदा कडक, व्यवहार ढिला. मुंबईत हातभट्टी आणि आंटीचे अड्डे फोफावले, पोलिसांची हप्तेबाजी रुजली. १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने लगाम सैल केला. गंमत अशी की कायदा रद्द केला नाही, त्याच कायद्याखाली परवाने वाटले. १९६६ चे बिअर व वाइन उत्पादनाचे नियम आले, १९७३ चे देशी दारूचे नियम आले. ‘परमिट रूम’ हा शब्द परवान्यांच्या या राज्याची देणगी. लाइपझिगमध्ये शेवटची गोझे संपली त्याच वर्षी महाराष्ट्रात बिअर करण्याची नियमावली छापली गेली.

आजही कागदावर स्थिती तीच आहे. नागपुरात प्रताप नगरातून रिंग रोडला लागले की बिअर शॉपी आणि परमिट रूमच्या पाट्या दिसतात. त्या सगळ्या दारूबंदीच्या कायद्याखाली चालतात. पिणाऱ्याजवळ परवाना हवा: एका दिवसाचा पाच रुपयांचा, वर्षाचा शंभराचा, आयुष्यभराचा हजाराचा. सौम्य बिअरला वयाची अट २१, कडक मद्याला २५. किती जण तो कागद खिशात ठेवतात हे नागपूरकराला सांगायला नको.

कारखान्यांचा ओघ मराठवाड्याकडे गेला. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती होत्या, जायकवाडीचे पाणी होते, मागास भागाच्या सवलती होत्या. एकामागून एक ब्रुअऱ्या आल्या आणि हे शहर देशातल्या बिअरच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. कार्ल्सबर्गचा कारखानाही तिथे आहे, म्हणजे घोडागाडीतून डेन्मार्कला गेलेल्या त्या यीस्टचा वारसा अखेर गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचला. लिंडेंच्या यंत्राशिवाय मराठवाड्याच्या उन्हात एक बाटलीही भरली नसती. मात्र पेल्यात उतरली ती पिल्सेनची पातळ झालेली नात: जवाच्या जोडीला तांदूळ किंवा मका, हॉप्स बेताचे, आणि खप मुख्यतः सात-आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’चा. यात चवीपेक्षा कराचा वाटा मोठा. जर्मनीत बिअरवरचा कर तिच्या मूळ रसाच्या घनतेवर असतो. बिअर जेवढी कडक तेवढा कर जास्त. आपल्याकडे बाटलीच इतकी महाग पडते की गिऱ्हाईक पैशाला जास्तीत जास्त नशा शोधते.

एप्रिल २०१६ मध्ये १५१६ चा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते आणि इकडे ब्रुअऱ्यांना जायकवाडीचे पाणी मिळत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. बव्हेरियात पाव की बिअर हा प्रश्न होता, मराठवाड्यात तहान की बिअर. दोन्हीकडे उत्तर एकच आले, आणि ते योग्यच होते.

पुण्यातली गव्हाची बिअर

२००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाव देवळालीच्या ब्रिटिश छावणीवरून घेतलेले, मालक भारतीय, आणि भट्टीवर ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर. कारखान्यातल्या बिअरवर वाढलेल्या पुणेकराला पहिल्यांदा गढूळ, फेसाळ, केळ्याच्या वासाची गव्हाची बिअर मिळाली. ती गाळलेली नाही, बाटलीत भरलेली नाही, त्या जागीच पिंपातून काढलेली. श्नायडरने १८७२ साली वाचवलेली जात १३७ वर्षांनी महाराष्ट्रात पोहोचली. मग मुंबई-पुण्यात अशा जागा वाढल्या. छोट्या ब्रुअऱ्या जर्मन माल्ट आणि बव्हेरियातल्या हालरटाउचे हॉप्स मागवतात, आणि त्यांत इथलेही काही घालून पाहतात. आंबे, कोकम, धने घालायला त्यांना कोणताही शुद्धतेचा हुकूम आडवा येत नाही. घटकांबाबत महाराष्ट्राचा ब्रुअर जर्मन ब्रुअरापेक्षा मोकळा आहे. परवाना, शुल्क आणि शिक्के यांबाबत मात्र तो जखडलेला आहे.

याच वर्षांत विदर्भाची दुसरी बाजूही बोलत होती. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नात्याने कोरडा. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह तिथल्या लोकांच्या चळवळीतून. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूरच्या बायका पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली चिमूरहून पायी चालत नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर आल्या. २०१५ मध्ये चंद्रपूर कोरडे झाले, २०२१ मध्ये बंदी उठली. त्या बायका पिल्सनर आणि क्योल्शच्या विरोधात चालत नव्हत्या. मजुरीचा पैसा दुकानात जातो आणि मार घरी येतो, हे त्यांचे म्हणणे होते. बिअरचा इतिहास लिहिताना त्यांना वगळले तर तो इतिहास अर्धा राहील.

दोन्ही कायदे शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो. जर्मन कायद्याने बनवणाऱ्याला विचारले: तू यात काय घातलेस, आणि किती भावाने विकतोस? आपल्या कायद्याने पिणाऱ्याला विचारले: तुझ्याकडे कागद आहे का? पहिल्या प्रश्नातून चवी, गावोगावच्या जाती आणि माल तपासण्याची सवय जन्मली. दुसऱ्यातून परमिट रूम, हप्ते आणि कोणी न पाळायचा एक कागद जन्मला. नाव बंदीचे ठेवायचे, महसूल विक्रीचा मोजायचा, आणि हानी झाली की बोट व्यक्तीकडे दाखवायचे, हे गेली अनेक दशके चालले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायकांना न्याय द्यायचा असो की पुण्याच्या ब्रुअराला, सरकारने आधी कायद्याचे नाव आणि काम एक करावे. बाटलीत काय आहे, त्यावर किती कर आहे आणि तो कर व्यसनमुक्तीवर किती खर्च होतो, एवढे तीन आकडे दरवर्षी लोकांपुढे ठेवले तरी परवान्याच्या त्या पाच रुपयांच्या चिठोऱ्यापेक्षा जास्त काम होईल.